‘बरोबर’ : एका शब्दाचे अर्थ आणि त्याच्या वाटा

‘दोघेही बरोबर आहेत’ हे वाक्य पुण्यात म्हटले, तर दोघांचेही म्हणणे खरे आहे, असा अर्थ होतो. हेच वाक्य हिंदी वळणाने ‘बराबर’ म्हणून इंदुरात उच्चारले, तर दोघे सारख्या तोलाचे आहेत असे ऐकणारा समजेल. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्याला हा घोटाळा नेहमी भेटतो. मुलाने ‘दोन्ही तुकडे बराबर आहेत’ असे लिहिले की लाल शाईची रेघ ओढायचा मोह होतो. ती ओढण्याआधी या शब्दाचे मूळ पाहून घ्यावे, असे मला वाटते.

शब्द फारसी आहे. फारसीत ‘बर’ म्हणजे छाती. दोन ‘बर’ मध्ये ‘आ’ घालून ‘बराबर’ झाला. छातीला छाती लावून, एका ओळीत. फारसीची ही घडण आपल्याला अनोळखी नाही. ‘सर’ म्हणजे डोके किंवा टोक. त्यावरून ‘सरासर’, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपली ‘सरासरी’ याच कुळातली. हिंदीतला ‘लबालब’ही तसाच : ओठाला ओठ, म्हणजे काठोकाठ. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा ‘फारशी-मराठी कोश’ १९२५ साली निघाला; अशा शब्दांच्या अभ्यासाला तो आजही हाताशी असावा. पुढे हेच पटवर्धन भाषाशुद्धीचे कैवारी झाले. परंतु शुद्धीच्या चळवळीत कचेरीतले शब्द बदलले तरी ‘बरोबर’ला फारसा धक्का लागला नाही. ज्या शब्दावाचून ‘तुझ्याबरोबर येतो’ एवढेही बोलता येत नाही, तो काढणार कसा?

आता अर्थ पाहू. छातीला छाती लावून दोघे चालले की ते एकत्र चालले. यातून ‘सह’ हा अर्थ आला. माझ्याबरोबर, पोळीबरोबर. तोच अर्थ काळाकडे वळला : ऐकल्याबरोबर, येताबरोबर. एक क्रिया आणि दुसरी क्रिया यांच्यात अंतर उरले नाही. हिंदी किंवा गुजराती यांना ‘सह’साठी ‘साथ’, ‘साथे’ हे शब्द आहेत. कोकणीला ‘सांगाता’, ‘वांगडा’ आहेत. मराठीत ‘सोबत’ आहे खरे, पण तोही अरबीतून आलेला पाहुणाच. तेव्हा ‘बरोबर’ म्हणावे की ‘सोबत’, यावर विदर्भ आणि पुणे यांनी शुद्धतेच्या नावाने भांडू नये.

दुसरी वाट पातळीची. एका ओळीत उभे राहिले की उंची, तोल जुळतो. तराजूची पारडी बरोबर झाली, जमा आणि खर्च या दोन बाजू बरोबर आल्या. माझ्या मते ‘योग्य’ या अर्थाकडे जाणारा पूल इथेच आहे. हिशेब ‘बरोबर आला’ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या. पण हिशेबात सारखे असणे हेच चूक नसणे होय. तिथून हा अर्थ हिशेबाबाहेर पडला आणि उत्तर, रस्ता, वागणे, सगळेच बरोबर किंवा चूक ठरू लागले. ‘बरोबर पाच वाजता’ यातला नेमकेपणाही याचाच. जोर द्यायचा असला की आपण ‘ब’ दुप्पट करून ‘बरोब्बर’ म्हणतो. गणितात मात्र मूळ अर्थ टिकला : दोन अधिक दोन बरोबर चार. बरोबरीचे ते चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी छापील पुस्तकात आणले, आणि तेही शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन सारख्या रेघांचेच आहे! याचा फारसीशी काही संबंध नाही, कल्पना तेवढी जुळली.

नामात ‘सारखेपणा’ उरला, पण त्याची गत पाहण्यासारखी आहे. सामना बरोबरीत सुटतो. सोयरिकीसाठी बरोबरीचे घर बघतात. बरोबरीची पोरे एकत्र खेळतात. क्रियापद जोडले की सूर बदलतो. ‘त्याची बरोबरी करतोस?’ हा प्रश्न नसतो, दटावणी असते. म्हणजे बरोबरी आधीच असलेली चालते, नव्याने मागितलेली खपत नाही. न्यायाने मागायच्या सारखेपणाला सार्वजनिक मराठीने संस्कृतातून दुसरा शब्द घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने १९२८ साली निघालेल्या पत्राचे नाव ‘समता’ होते, आणि संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘समानता’ आहे. ‘बरोबरी’ला चिकटलेली दटावणी या शब्दांना नव्हती, हे त्यांच्या सोयीचेच झाले असावे.

राहिला प्रश्न स्वराचा. फारसी ‘रा’चा मराठीत ‘रो’ झाला. ‘बरे’ या शब्दाशी त्याचा संबंध लावतात, पण ‘बरवा’ ज्ञानेश्वरीतला आहे; त्याचे कूळ निराळे. मला अधिक मोलाचे वाटते ते हे की या एका स्वरावरून शब्द कोणत्या वाटेने गेला ते कळते. धारवाड-बेळगावकडच्या कानडीत ‘बरोबरी’ म्हणजे योग्य, ठीक. कानडी वर्तमानपत्रे मोठा आकडा सांगताना आधी ‘बरोब्बरी’ लिहितात. हा ‘रो’ मराठीचे देणे आहे. तेलंगणातल्या तेलुगूत मात्र ‘बराबर’ आहे, आणि अर्थ ‘नक्की, अगदी खात्रीने’. तिथे वाट दख्खनी उर्दूची. गुजरातीत रूप ‘बराबर’, अर्थ मात्र मराठीसारखा ‘योग्य, नीट’. हिंदीत आणखी एक अर्थ आहे, ‘सतत’ : कोणी ‘बराबर’ येत राहतो. तो मराठीने घेतला नाही. बडोदा, इंदूर, हैदराबाद इथला मराठी माणूस या सगळ्यांच्या मधोमध बोलतो.

म्हणून त्या लाल रेघेविषयी. ‘बराबर’ हे रूप केवळ हिंदीच्या संगतीने आले असे धरून चालत नाही. जुन्या मराठी पत्रांत आणि बखरींत ते रूप आहेच. मुलाने ‘दोन्ही तुकडे बराबर आहेत’ लिहिले तर मी गुण कापत नाही. शेजारी ‘सारखे’ लिहितो आणि प्रमाण लेखनात काय चालते ते सांगतो. पण त्याने ते सुधारून ‘दोन्ही तुकडे बरोबर आहेत’ असे केले, तर थांबवतो. कारण आता शब्द प्रमाण झाला आणि वाक्याचा अर्थ हरवला : वाचणारा म्हणेल, तुकडे बरोबर आहेत, म्हणजे ते चुकीचे कसे असू शकले असते?