कॅंटनची जहाजचित्रे

जालना जिल्ह्यातील वाटूर हे गाव समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. भोवताली काळी जमीन आणि तीत डोलणारा कापूस. अशा गावातील मुलांना जहाजाची पहिली ओळख बहुधा चित्रातूनच होते. तरीही जहाजांचा आणि या भूमीचा संबंध अगदीच नाही असे नाही. मृग नक्षत्राच्या सुमारास येथील शेतकरी ज्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट पाहतो, त्याच वाऱ्यावर शिडे उभारून दोनशे वर्षांपूर्वी मुंबईची जहाजे चीनकडे निघत. त्यांच्या पोटात पश्चिम भारतात पिकलेल्या कापसाच्या गाठी असत. हिवाळ्यात वारे उलटे, म्हणजे ईशान्येकडून वाहू लागले, की तीच जहाजे चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन परत येत.

ती जहाजे आता उरली नाहीत. काही वादळात बुडाली, काही खडकांवर फुटली, काही जीर्ण होऊन मोडीत निघाली. परंतु त्या काळच्या अनेक जहाजांची रूपे चीनमधील चित्रकारांनी रंगवून ठेवली आहेत. परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढलेली ही चित्रे आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आढळतात.

या चित्रांचे जन्मस्थान म्हणजे दक्षिण चीनमधील कॅंटन शहर. त्यालाच आज ग्वांगझोऊ म्हणतात. १७५७ साली चीनच्या बादशहाने युरोपीय व्यापाऱ्यांना या एकाच बंदरात व्यापार करण्याची मुभा ठेवली, आणि हा निर्बंध १८४२ पर्यंत टिकला. परदेशी लोकांना शहराच्या तटाच्या आत पाऊल टाकण्यास बंदी होती. नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत त्यांच्या वखारी होत्या. मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती काही कोस अलीकडे व्हाम्पोआ येथे नांगर टाकून उभी राहत. माल उतरावा, नवा भरावा आणि वारा फिरण्याची वाट पाहावी, यात कित्येक महिने जात. या सक्तीच्या मुक्कामात कप्तान आणि व्यापारी वखारींजवळच्या गल्ल्यांतून फिरत. तेथेच चित्रकारांची दुकाने थाटलेली होती.

तेव्हा छायाचित्रणाची कला अवगत नव्हती. आपण कोणत्या जहाजावरून गेलो, कोणते बंदर पाहिले, हे घरच्या माणसांना दाखविण्यास चित्रावाचून दुसरे साधन नव्हते. म्हणून या चित्रांना मोठी मागणी असे. दुकानाच्या माडीवर अनेक कारागीर ओळीने बसून काम करीत. एकजण मूळ चित्रावरून बाह्यरेषा उतरवून घेई, दुसरा त्यात रंग भरी, आणि अवघड भाग हातखंडा कारागिराकडे सोपविला जाई. लामक्वा, तिंगक्वा, सुनक्वा अशी काही चित्रकारांची नावे प्रसिद्ध आहेत. नावाच्या शेवटी येणारा ‘क्वा’ हा आपल्याकडील ‘शेट’ किंवा ‘राव’ यांसारखा आदरार्थी प्रत्यय होय. त्यांपैकी सुनक्वा हा जहाजे आणि बंदरे यांच्या चित्रांबद्दल विशेष ओळखला जाई. परंतु बहुसंख्य चित्रांवर कोणाचेच नाव नाही. ज्या हातांनी ती रंगविली, ते हात कोणाचे हे आज सांगता येत नाही.

कप्तानासाठी काढलेले जहाजाचे चित्र बहुधा कापडावर तैलरंगात असे. जहाज एका बाजूने पूर्ण दिसेल असे काढीत. डोलकाठ्या, शिडे, निशाणे, दोरखंड, सारे काही त्यात स्पष्ट असे. गिऱ्हाईक स्वतः दर्यावर्दी असल्यामुळे एखादी दोरी जरी चुकीच्या जागी बांधलेली दिसली, तरी ते त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नसे. त्यामुळे चित्रकारास जहाजाची रचना बारकाईने अभ्यासावी लागे. मात्र पाठीमागचे डोंगर, बंदर आणि पुढच्या लाटा पुष्कळदा ठरावीक नमुन्याच्या असत. अनेक चित्रांत भोवतालचा देखावा तोच आणि जहाज तेवढे वेगळे, असे दिसते. म्हणून अभ्यासक अशा चित्रातील जहाजावर जेवढा विश्वास ठेवतात, तेवढा त्यातील समुद्रावर ठेवीत नाहीत.

दुसऱ्या प्रकारची चित्रे आकाराने लहान असत. ती एका झुडपाच्या भेंडापासून केलेल्या पातळ पत्र्यांवर जलरंगांनी काढीत. आपल्याकडे लग्नात नवरदेवाच्या कपाळी बांधायचे बाशिंग भेंडाचे करतात, त्याच जातीचा हा मऊ, पांढराशुभ्र पदार्थ. परदेशी लोक त्याला चुकीने ‘तांदळाचा कागद’ म्हणत. त्यावर रंग मखमलीसारखे खुलत, परंतु पत्रा ठिसूळ असल्यामुळे थोड्याशा धक्क्यानेही त्यास चीर पडे. अशा चित्रांच्या वह्या बांधून विकीत. त्यांत चीनमधील नाना तऱ्हेच्या नौका पाहावयास मिळतात: मीठ वाहणाऱ्या, मासे धरणाऱ्या, सरकारी अंमलदारांच्या, आणि दूरच्या समुद्रात जाणाऱ्या ‘जंक’ नावाच्या मोठ्या गलबतांच्याही.

जंकची रचना पाहण्यासारखी असे. तिच्या शिडात बांबूच्या आडव्या पट्ट्या बसविलेल्या असत. वादळाची चिन्हे दिसताच शीड पंख्याप्रमाणे चटकन मिटून लहान करता येई, आणि ते एका ठिकाणी फाटले तरी उरलेला भाग वारा धरीत असे. बांबूला जशी पेरे असतात, तसे जंकच्या पोटात आडव्या भिंतींनी कप्पे पाडलेले असत. एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहत, आणि गलबत बुडण्यापासून वाचे. दक्षिणेकडील जंकच्या नाळेवर दोन्ही बाजूंस मोठे डोळे रंगवीत. पोळ्याला बैलाची शिंगे रंगविणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात जी माया असते, तीच हे डोळे रंगविणाऱ्या नावाड्याच्याही मनात असावी.

व्हाम्पोआच्या नदीत इंग्लंड-अमेरिकेच्या जहाजांबरोबर मुंबईत बांधलेली जहाजेही उभी असत. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले. त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाची उत्तम जहाजे बांधली. सागवान सहसा कुजत नाही, त्यामुळे ती दीर्घकाळ टिकत. १८१७ साली येथे पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवले आहे. मुंबईच्या गोदीत खपणाऱ्या बहुतेक सुतारांची नावे मात्र, कॅंटनच्या चित्रकारांप्रमाणेच, कोठेही नोंदलेली नाहीत.

चीनच्या व्यापाराने मुंबईस वैभव दिले. त्या काळचे मोठे व्यापारी जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. पुढे त्यांच्या देणगीतून मुंबईत रुग्णालय व कलाशाळा उभी राहिली, आणि आजही त्या संस्थांना त्यांचे नाव आहे. परंतु या वैभवाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावयास हवी. कापसाबरोबरच माळव्यातील अफूही मुंबईहून चीनला जात होती, आणि जमशेटजींसह अनेक देशी व विदेशी व्यापारी त्या व्यापारात होते. अफूच्या व्यसनाने चीनमधील असंख्य कुटुंबांची धूळधाण झाली. १८३९ साली लिन झेशू या कर्तव्यकठोर अधिकाऱ्याने अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून इंग्लंडने चीनशी युद्ध पुकारले. चीनचा पराभव झाला, आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. त्याने हाँगकाँग बेट इंग्रजांस मिळाले. हा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ युद्धनौकेवर झाला, ती १८१३ साली मुंबईच्या गोदीतच बांधलेली होती.

कॅंटनच्या चित्रकाराने अफू वाहणारी जहाजेही रंगविली. त्याच्या चित्रात पांढरी शिडे आहेत, निळे पाणी आहे, डौलाने फडकणारे निशाण आहे. जहाजाच्या पोटातील पेटी मात्र दिसत नाही. त्या पेटीतील विषाने आपलाच शेजार उजाड होत आहे, हे पाहत पाहत त्याला कुंचला चालवावा लागला असेल. गिऱ्हाइकाने जे मागितले, ते त्याने प्रामाणिकपणे काढून दिले.

युद्धानंतर इतर बंदरे खुली झाली, आणि अनेक चित्रकार हाँगकाँगला गेले. लाय फाँग नावाचा एक चिनी चित्रकार तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यास राहून जहाजांची चित्रे काढीत असे. तोवर छायाचित्रण आले होते, शिडांच्या जागी वाफेची यंत्रे येत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी हा व्यवसाय मावळला.

अमेरिकेतील सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयात आणि लंडनच्या संग्रहालयांत ही चित्रे आज पाहावयास मिळतात. शिडाचा आकार कसा होता, दोर कोठे बांधीत, हे अभ्यासकांना ती सांगतात. जुने चित्र हा एक साक्षीदार आहे. त्याने दाखविले ते नीट पाहावे, आणि दाखविले नाही त्याविषयी इतिहासाला प्रश्न विचारावा. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे जहाज कोणी बांधले, कोणी रंगविले आणि त्यातून काय वाहून नेले, या तिन्ही गोष्टी ध्यानात येतात.

स्वाध्याय

१. मुंबईची जहाजे चीनकडे कोणत्या वाऱ्यावर जात व कोणत्या वाऱ्यावर परत येत?
२. जहाजाचे चित्र काढताना कॅंटनच्या चित्रकारास विशेष काळजी का घ्यावी लागे?
३. जंकच्या शिडाची व कप्प्यांची रचना आणि तिचे फायदे तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘जुने चित्र हा एक साक्षीदार आहे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एक जुने चित्र वा छायाचित्र पाहा. त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, याविषयी दहा ओळी लिहा.