समोर न दिसणारी टीम

चि. भाचीबाईस,


बढतीची बातमी कळली, आनंद झाला. ‘अर्धी टीम हिंजवडीत, अर्धी घरी. न दिसणाऱ्या माणसाचं काम ओळखायचं कसं?’ हा तुझा प्रश्न मामापेक्षा शांघायच्या एका कंपनीने जास्त नेटाने सोडवला आहे.

सीट्रिप ही प्रवासाची तिकिटं आणि हॉटेलं बुक करून देणारी कंपनी. ऑफिसची भाडी भडकली, तेव्हा २०१० मध्ये तिने स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांच्यासोबत एक प्रयोग केला. कॉल सेंटरमधल्या इच्छुकांपैकी सम जन्मतारखेचे लोक आठवड्यातले चार दिवस घरून काम करणार, विषम तारखेचे ऑफिसातच बसणार. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली आणि नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. इथवर सगळं गोड. पण तितकंच चांगलं काम करूनही त्यांच्या वाट्याला बढत्या कमी आल्या! पुढे निवडीची मुभा मिळाली, तेव्हा त्यांच्यातले जवळपास निम्मे ऑफिसात परतले. घरात एकटं बसवेना.

याच कंपनीने, आता ट्रिप डॉट कॉम या नावाने, २०२१-२२ मध्ये पुन्हा प्रयोग केला. या वेळी इंजिनिअर, मार्केटिंग आणि फायनान्सचे मिळून १,६१२ जण होते. विषम तारखेवाल्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून, बाकीचे दिवस ऑफिस. त्यांच्यातले राजीनामे एक तृतीयांशाने घटले. मूल्यमापनात फरक नाही, बढत्यांतही नाही. गंमत मॅनेजरांची. घरून काम केल्याने उत्पादकता घटेल, असं सुरुवातीला मानणारे हे लोक शेवटी ‘थोडी वाढतेच’ म्हणू लागले.

दोन्ही प्रयोगांतली कामं वेगळी होती, हे मान्य. तरी मामाच्या मते खरं मर्म ठरलेल्या वारांत आहे. कोण कधी समोर असणार हे सगळ्यांना ठाऊक असलं, की ऑफिसचा दिवस चर्चेला आणि घरचा एकाग्र कामाला वापरता येतो. ‘हवं तेव्हा या’ म्हणणारा टीम लीड मात्र मंगळवारी रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून व्हिडिओ कॉल करतो.

मोठमोठ्या घोषणांच्या नादी लागू नये. २०२५ पर्यंत एका वेळी जेमतेम २५ टक्के कर्मचारीच ऑफिसात लागतील, असं टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथे पाचही दिवस हजेरी सुरू झाली. धोरण वरून बदलतं. लीडच्या हाती राहतं ते एवढंच: कुणी काय करायचं, कधीपर्यंत, आणि ते झालं का, हे सर्वांना दिसेल असं लिहून ठेवणं. अप्रेझलला हीच नोंद समोर हवी, चहाच्या टपरीवरची ओळख नव्हे.

रात्री अकराचे मेसेज हा वेगळा आजार. कामाच्या वेळेबाहेर फोन न घेण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. अमेरिकेतल्या क्लायंटमुळे रात्रीचा कॉल टळत नसेल, तर त्याची पाळी लावावी आणि ज्याची पाळी त्याला दुसऱ्या दिवशी उशिरा लॉगिन करू द्यावं.

फ्रेशर्सना मात्र पहिले काही महिने कुणातरी अनुभवी माणसाशेजारी बसव. कोड रिव्ह्यूमधली एक ओळ समजून घ्यायला घरून तीन मेसेज लागतात, आणि नवा पोरगा चौथा पाठवायला लाजतो.

तुझा,
मामा