मंदीच्या काळात घरचा व्यवसाय : हिशेब, अमानत आणि तवक्कुल

पवित्र कुरआनच्या सूरह अल्-बकरहमध्ये (आयत १५५) अल्लाहने आपल्या दासांना आधीच सांगून ठेवले आहे की भय, उपासमार आणि धन, प्राण व उत्पन्न यांतील घट यांद्वारे त्यांची परीक्षा घेतली जाईल, आणि शुभवार्ता धीर धरणाऱ्यांसाठी आहे. धनातील घट ही केवळ बाजारातील घटना नसून ईमानच्या परीक्षेचा एक विषय आहे, हे या आयतीवरून स्पष्ट होते.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका लहान व्यवसायांवर चालते. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग असोत, गल्लीतील किराणा दुकान, बेकरी, गॅरेज वा फर्निचरचा कारखाना असो. यांत नोकरदाराप्रमाणे ठरलेला पगार नसतो. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी यांनी हे व्यवसाय किती लवकर हादरतात ते दाखवून दिले. अशा वेळी कुटुंबप्रमुखाने काय करावे? हात जोडून बसावे, की मिळेल त्या मार्गाने पैसा उभा करावा? इस्लामने या दोन्हींहून वेगळा मार्ग दाखविला आहे.

तजवीज करणे तवक्कुलविरुद्ध नाही

आर्थिक संकटाच्या नियोजनाचे सर्वांत ठळक उदाहरण सूरह यूसुफमध्ये आहे. मिसरच्या राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना हजरत यूसुफ (अ.) केवळ भविष्य सांगून थांबले नाहीत. सुबत्तेच्या सात वर्षांत सातत्याने शेती करावी, खाण्यापुरते थोडे धान्य काढून बाकीचे कणसांतच राहू द्यावे, म्हणजे दुष्काळाची सात वर्षे त्यावर निभावतील, अशी योजनाच त्यांनी मांडली (आयत ४७-४८). पुढे कोठारांची जबाबदारी मागताना त्यांनी स्वतःच्या दोन गुणांचा उल्लेख केला : आपण जतन करणारे आहोत आणि जाणकार आहोत (आयत ५५). प्रामाणिकपणा आणि ज्ञान, दोन्ही हवेत. प्रामाणिक पण हिशेबात अजाण असलेला माणूस दुकान बुडवितो. हिशेबात तरबेज पण अमानत न पाळणारा माणूस आखिरत बुडवितो.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तिर्मिजीच्या हदीसमध्ये आली आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने उंट बांधणे म्हणजे आपली वही नीट ठेवणे होय.

प्रथम खरा हिशेब

मंदीत अनेक दुकाने एका दिवसात बंद पडत नाहीत. ती आतून हळूहळू खाल्ली जातात आणि मालकाला ते कळत नाही. एक साधे उदाहरण घ्या. समजा, एका दुकानाचे भाडे १२ हजार, वीज ४ हजार आणि दोन कामगारांचे वेतन २४ हजार, असे महिन्याला ४० हजार रुपये लागतात. घरखर्चासाठी गल्ल्यातून २० हजार काढले जातात. एकूण ६० हजार. विक्रीवर २० टक्के नफा सुटत असेल, तर महिन्याला ३ लाखांची विक्री झाली तरच मेळ बसतो. मंदीत विक्री एक-पंचमांशाने घटून २ लाख ४० हजारांवर आली, तर हाती ४८ हजारच येतात. तूट १२ हजारांची.

हे १२ हजार कोठून येतात? गल्ल्यात तर रोज पैसे दिसत असतात. वस्तुतः ते त्या घाऊक व्यापाऱ्याचे असतात ज्याने माल उधारीवर दिला आहे. दहा महिन्यांत १ लाख २० हजार रुपये असे घरात खर्च होऊन जातात आणि मग एके दिवशी कळते की देणे वाढले आहे आणि फळ्या रिकाम्या आहेत. दुसऱ्याची अमानत आपण खात होतो, याची जाणीवही होत नाही. म्हणून गल्ला आणि घर वेगळे करणे ही केवळ व्यापारी शिस्त नव्हे, तर अमानतीचे रक्षण आहे. कुटुंबप्रमुखाने स्वतःसाठी ठरावीक रक्कम निश्चित करावी आणि त्यापलीकडे गल्ल्याला हात लावू नये.

विक्री वाढावी म्हणून घाईने भाव पाडण्यापूर्वीही हिशेब करावा. ८० रुपयांत घेतलेली वस्तू १०० ऐवजी ९० ला विकली, तर नफा २० वरून १० वर येतो; तेवढीच कमाई राखायची तर खप दुप्पट व्हावा लागेल. पडून राहिलेला, हंगाम सरत चाललेला माल अवश्य स्वस्तात काढावा, कारण अडकलेली रक्कम मोकळी होते. पण सर्वच मालाचा भाव पाडणे म्हणजे आपल्याच हाताने भांडवल वाटणे होय.

प्रमुखाने प्रथम आपल्या ताटाकडे पाहावे

काटकसर करायची ठरली की ती बहुधा दुकानातील सर्वांत दुर्बल माणसापासून सुरू होते. हजरत उमर (रजि.) यांचा आदर्श नेमका उलट आहे. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. इतिहासात ते वर्ष ‘आमुर्रमादा’, म्हणजे राखेचे वर्ष, म्हणून ओळखले जाते. खलीफांनी अन्य प्रांतांतून धान्य मागविले, आणि जोवर सामान्य लोकांना तूप मिळत नाही तोवर स्वतः तूप खाणे सोडले. नेतृत्व याला म्हणतात.

घरात अडचण लपविणे हाही एक दोष आहे. श्रद्धावंतांचे व्यवहार आपसांतील सल्लामसलतीने चालतात, असे सूरह अश्-शूरामध्ये (आयत ३८) त्यांचे वैशिष्ट्य सांगितले आहे. पत्नी, जाणती मुले, भाऊ यांना बसवून खरे आकडे सांगावेत. ज्यांना परिस्थिती ठाऊक असते तेच लग्नसमारंभातील, सणावारातील खर्च मनापासून कमी करतात. ज्यांच्यापासून ती लपविली जाते, त्यांच्याकडून काटकसरीची अपेक्षा कशी करावी? सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २९) हात मानेला बांधून ठेवू नये व पूर्णपणे मोकळाही सोडू नये, अशी समतोलाची शिकवण आहे. घरात सर्वांसमोर वही उघडली तरच तो समतोल साधतो.

कामगाराचा घाम

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, असा आदेश इब्ने माजाच्या हदीसमध्ये आहे. बुखारीच्या हदीसनुसार कियामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांविरुद्ध स्वतः वादी असेल, त्यांत मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याचा समावेश आहे. ‘सध्या मंदी आहे’ हे कारण या अपराधातून मुक्त करीत नाही.

काम खरोखरच कमी झाले असेल, तर आधी सांगावे. दिवस कमी करायचे की वेतन, हे पुढील कामासाठी दोघांच्या संमतीने ठरवावे. झालेल्या कामाचे वेतन मात्र मागाहून कापता येत नाही. निरोप द्यावाच लागला, तर सर्व हिशेब चुकता करून, त्याला दुसरे काम शोधण्यास अवधी देऊन द्यावा. त्याच्याही घरी चूल आहे.

देणी आणि येणी

ऐपत असूनही कर्ज फेडण्यास टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी (स.) फर्माविले आहे (बुखारी, मुस्लिम). ज्याची ऐपतच नाही त्याने काय करावे? फोन बंद ठेवू नये, धनकोसमोर जावे, खरी स्थिती सांगावी, हप्ते ठरवून ते लिहून द्यावेत. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (अल्-बकरह, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

आपले येणे असलेला माणूस खरोखर अडचणीत असेल, तर त्याला सवड द्यावी, आणि सोडून देणे तर अधिक चांगले (अल्-बकरह, २८०). पण मोठी कंपनी वा सधन व्यापारी पैसे असून अडवीत असेल, तर हक्क मागण्यात कमीपणा नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी आणि पक्की बिले द्यावीत. कायद्याने विलंबावर व्याज ठेवले आहे. आपण मात्र दाद मागावी ती आपल्या मूळ रकमेसाठी.

व्याजाचे दार

मंदीत सर्वांत मोठा मोह याच दाराने येतो. मोबाइलवर क्षणात मिळणारे कर्ज, खासगी सावकार, लिलावाची भिशी. भिशीत प्रत्येकाने समान रक्कम भरून क्रमाने तेवढीच उचलणे हा परस्पर साहाय्याचा प्रकार आहे. पण गरजू माणूस लिलावात रक्कम सोडून देतो आणि ती इतरांत वाटली जाते, तेव्हा ते व्याजच नव्या वेशात येते. अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले आहे (अल्-बकरह, २७५). व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा : ज्या दुकानाला महिन्याला १२ हजारांची तूट आहे, त्यावर व्याजाचा हप्ता चढला तर तूट भरते की वाढते?

पर्याय आहेत, जरी ते संथ असले तरी. जास्तीची गाडी वा यंत्र विकणे, छोट्या जागेत जाणे, नातेवाइकांकडून बिनव्याजी कर्ज लेखी घेणे, बैतुलमाल वा बिनव्याजी संस्थेकडे जाणे, किंवा भांडवल घालणारा भागीदार घेणे. भागीदारीत नफ्याचे प्रमाण आधी ठरते आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असा व्यवहार असेल, तर निष्काळजीपणाविना झालेला तोटा भांडवलदार सोसतो आणि श्रमिकाची मेहनत वाया जाते. म्हणजे संकट वाटले जाते, एकाच्याच मानेवर लादले जात नाही.

कुटुंबातील मौन हक्क

येथे एका नाजूक विषयाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पैशांची निकड भासली की प्रथम पत्नीच्या दागिन्यांकडे नजर जाते. ते दागिने व तिचा महर ही तिची मालमत्ता आहे. तिने राजीखुशीने काही दिले तरच ते पतीला वैध आहे (अन्-निसा, ४). तिने कर्ज म्हणून दिले असेल, तर तेही इतर कर्जांप्रमाणे वहीत लिहावे.

वडिलांच्या पश्चात भाऊ दुकान चालवितात आणि बहिणींचा वाटा ‘नंतर पाहू’ म्हणून वर्षानुवर्षे भांडवलातच राहतो. मंदीत ते भांडवल आटते, आणि बहिणीला न विचारता तिचा वाटा बुडतो. मुलाला दोन मुलींइतका वाटा हा नियम (अन्-निसा, ११) मुलीचा वाटा निश्चित करणाराही आहे. मरहूम पित्याचा वारसा वाटला गेला नसेल, तर आजच मूल्य काढून प्रत्येकाचा हिस्सा लिहावा. ज्यांना काढून घ्यायचा आहे त्यांना मुदत ठरवून द्यावा, ज्यांना ठेवायचा आहे त्यांना भागीदार मानावे. भाऊ-भाऊ एकत्र राबत असतील, तर कोण भागीदार आणि कोण वेतनावर हे स्पष्ट असावे. भागीदारांपैकी अनेक जण एकमेकांवर अतिरेक करतात, श्रद्धा व सत्कर्मे असणारे त्यास अपवाद आणि असे लोक थोडेच, हा इशारा सूरह सादमध्ये (आयत २४) आहे.

जकात आणि माप

मंदीत जकात टाळण्याकडे कल होतो. व्यापारी मालाची जकात खरेदीच्या नव्हे, तर वर्ष पूर्ण होतानाच्या बाजारभावाने काढली जाते. माल स्वस्त झाला असेल, तर अडीच टक्क्यांची ती रक्कमही आपोआप कमी होते. शरीअतने सवलत आधीच ठेवली आहे. देणी वजा करण्याबाबत हनफी व शाफई मतांत फरक आहे, म्हणून आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. आणि जो स्वतः कर्जात बुडाला आहे, त्याने लाजू नये : जकातच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारीही आहेत (अत्-तौबा, ६०).

तोटा भरून काढण्यासाठी मापात, दर्जात हात आखडण्याचा मोह होतो. धान्याच्या राशीत हात घालून आतील ओल प्रेषितांनी (स.) बाहेर काढली आणि ती लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाही, असे विक्रेत्याला विचारले (मुस्लिम). मंदीत ग्राहक एक-एक रुपया मोजतो. अशा वेळी ज्या दुकानाने त्याला फसविले नाही, ते तो विसरत नाही.

बाजाराची वाट

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतून सर्वस्व सोडून मदिन्यात आले. अन्सारी बंधू हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. पनीर व तूप विकून त्यांनी आरंभ केला आणि पुढे ते मदिन्यातील श्रीमंत व्यापारी झाले. देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याचा स्वाभिमान, दोन्ही या प्रसंगात आहेत.

कधी व्यवसाय वाचत नाही. सर्व प्रयत्न करूनही दुकान बंद करावे लागले, तर तो ईमानचा पराभव नव्हे. देणी फेडून, कामगारांचे हक्क देऊन, नाती राखून बंद केलेले दुकान हे दुसऱ्यांचे पैसे बुडवून चालू ठेवलेल्या दुकानाहून अल्लाहपाशी कितीतरी श्रेष्ठ आहे. रिज्क देणारे दुकान नाही, अल्लाह आहे. जो त्याचे भय बाळगतो त्याच्यासाठी तो वाट काढतो आणि कल्पनाही नसलेल्या ठिकाणाहून उपजीविका देतो, हे त्याचे वचन आहे (अत्-तलाक, २-३).

तेव्हा आज इशाच्या नमाजनंतर वही उघडा. घरच्यांना सोबत बसवा. येणे, देणे, मजुरी, बहिणीचा वाटा, पत्नीचे दागिने, जकात, सर्व एका पानावर लिहा. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल कमाई, कर्जापासून मुक्ती आणि अडचणीतही अमानत जपण्याची तौफिक देवो. आमीन.