शेततळ्यांतील माशांस गोळीखाद्याची संवय लावणें

इ. स. २०१६ मध्यें सरकारनें ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढल्यापासून आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतहि शेतोशेतीं तळीं दिसूं लागलीं, व त्यांत कटला, रोहू आणि मृगळ सोडण्याकडे पुष्कळांचा कल झाला. ह्या माशांस ढेप व कोंडा घालण्याचा प्रघात आहे. परंतु भिजलेली ढेप पाण्यांत विरून तळाशीं जाते, आणि माशांनीं किती खाल्लें व चिखलांत किती गेलें हें कळत नाहीं. तरंगतें गोळीखाद्य महाग खरें, पण त्याचा हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

अडचण एवढीच कीं, पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर वाढलेल्या माशास गोळी हें अन्न आहे हें ठाऊक नसतें. म्हणून शिक्षण बोटुकलीपणींच आरंभावें. प्रथम एक दिवस कांहीं घालूं नये. नंतर ऊन वर आल्यावर, रोज त्याच वेळीं व त्याच कोपऱ्यांत, भिजविलेल्या ढेप-कोंड्यांत गोळीचा चुरा मिसळून थोडथोडा टाकावा. दर दोन-तीन दिवसांनीं ढेप कमी व चुरा अधिक करीत जावें, आणि शेवटीं माशाच्या तोंडांत मावेल एवढी सबंध गोळी द्यावी. गोळ्या वाऱ्यानें पसरूं नयेत म्हणून बांबूची चौकट तरंगत ठेवावी. तळ्यास प्लॅस्टिकचें अस्तर असल्यास तिच्या टोकांस चिंध्या गुंडाळाव्या. टाकण्यापूर्वीं डबा वाजविल्यास मासे त्या आवाजासहि ओळखूं लागतात. मृगळ तळाशीं चरणारा असल्यामुळें तो वर येण्यास सर्वांत मागें राहतो. त्याच्यासाठीं थोडें बुडणारें खाद्य चालूं ठेवावें.

खरा धोका उतावळेपणांत आहे. मासे खात नाहींत असें पाहून कित्येक जण दुप्पट खाद्य टाकतात. समजा, तळ्यांत प्रत्येकीं २०० ग्रॅमचे ५०० मासे आहेत. म्हणजे एकंदर वजन १०० किलो झालें. त्याच्या शेंकडा २ ते ३ ह्या मानानें रोज २ ते ३ किलो खाद्य पुरे. त्यावर ६ किलो टाकलें तर उरलेलें कुजून पाण्यांतील प्राणवायू खातें, आणि पहांटे मासे पृष्ठभागीं तोंडें काढून धापा टाकूं लागतात. असें दिसतांच खाद्य बंद करून ताजें पाणी सोडावें. सुमारें पाव तासांत जेवढें संपेल तेवढेंच टाकावें व उरलेलें जाळीनें काढावें. रोजच्या वजनाची नोंद वहींत ठेवावी. ती तलाठ्याच्या दप्तराइतकी सुबक नसली तरी चालेल.

सरकीची ढेप आपल्याकडे सहज मिळते म्हणून तीच एकटी घालण्याचा मोह होतो. तींत गॉसिपॉल नांवाचें अपायकारक द्रव्य असतें. तेव्हां शेंगदाण्याची ढेप बरी.

श्रावणांतील झडीच्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावें. पौषांतील थंडींत माशांची भूक आपोआप मंदावते. त्या वेळीं ते गोळीकडे आले नाहींत म्हणून शिकविलेलें विसरले असें समजूं नये.