फटाके फोडणारी गाडी: आधी कारण, मग खर्च



झरी-जामणी, मारेगाव आणि केळापूर तालुक्यांतल्या कोलाम पोडांवरचे आपले काम बरेचसे एका जुन्या पेट्रोल पिकअपच्या भरवशावर चालते. धान्य, औषधे, वसतिगृहातली मुले आणि कधी रात्री-अपरात्री बाळंतपणाला अडलेली बाई, सगळे याच गाडीतून जातात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की पोडापासून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला आपल्यालाच आणावे लागते.

गेल्या पावसाळ्यात ही गाडी सकाळी लवकर चालू होईना. चालू झालीच तर फटाके फोडू लागली. एका गॅरेजमध्ये "इंजिन खोलावे लागेल" असा सल्ला मिळाला. तो खर्च आपल्या दानातून होणार होता, म्हणून आम्ही आधी कारण शोधायचे ठरवले. अनेक मंडळ्यांकडे आणि वसतिगृहांकडे अशा जुन्या गाड्या आहेत. त्यांच्यासाठी हा धडा. तो पॉइंट आणि कार्बोरेटर असलेल्या पेट्रोल गाडीसाठी आहे. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो.

१. फटाका कुठून वाजतो?

पहिला प्रश्न हाच. फटाका सायलेन्सरमधून वाजत असेल, तर न जळलेले पेट्रोल बाहेर जाऊन तिथे पेटते आहे. एखादा प्लग मारत नसेल, मिश्रणात पेट्रोल जास्त असेल किंवा ठिणगी उशिरा पडत असेल, तर असे होते.

फटाका वर कार्बोरेटरमधून वाजत असेल, तर आग उलटी येते आहे. मिश्रणात हवा जास्त आहे, इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, ठिणगी चुकीच्या वेळी पडते किंवा प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली आहे, यांपैकी काहीतरी असते. वायरी काढण्याआधी प्रत्येकीला खूण करावी. आमच्या विलीस जातीच्या इंजिनात प्लग पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे.

२. ठिणगी

सुरुवात बॅटरीपासून करा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना ती १० च्या बरीच खाली गेली, तर बॅटरी, तिची टोके आणि अर्थिंग आधी पाहा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरते. कॅप कोरड्या फडक्याने पुसा आणि आत बारीक तडा आहे का पाहा.

मग प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरे टोक म्हणजे हवा जास्त, आणि तेलकट ओले टोक म्हणजे इंजिन ऑइल वर येते आहे. आमच्या इंजिनात प्लगची फट ०.०३० इंच आणि पॉइंटची फट ०.०२० इंच लागते. ती फिलर गेजने मोजावी, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे. पॉइंट वारंवार जळत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

३. पेट्रोल आणि हवा

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण आपोआप थोडे जास्त हवेचे होते. इथेनॉल ओलही ओढून घेते, जुने रबरी पाइप नरम करते आणि टाकीतला साचलेला गाळ सोडवते. तो गाळ फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये अडकतो.

इंजिन चालू असताना चोक थोडा ओढून पाहा. फटाके थांबले, तर हवा जास्त आहे हे नक्की. मग इंजिन थंड असताना कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगभोवती ब्रशने थोडे इंजिन ऑइल लावा आणि गाडी चालू करा. आवाज बदलला, तर हवा तिथूनच आत शिरते आहे.

४. टायमिंग शेवटी

पॉइंटचा फायबर घासला की फट कमी होते, आणि फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी फट, मग टायमिंग. उलट क्रमाने केले, तर फट बदलताच टायमिंग पुन्हा बिघडते. स्टार्टर मारताना इंजिन उलटा झटका देत असेल, तर ठिणगी फार लवकर पडते आहे.

आमच्या गाडीत काय निघाले?

फटाके दोन्हीकडून वाजत होते, म्हणून कारणेही दोन निघाली. पॉइंटची फट जवळजवळ बंद झाली होती, त्यामुळे सायलेन्सरमधले फटाके आणि सकाळचा त्रास. आणि कार्बोरेटरखालचे पॅकिंग फाटले होते, त्यामुळे वरचे फटाके. पॉइंट, कंडेन्सर आणि पॅकिंग मिळून खर्च हजार रुपयांच्या आत झाला. इंजिन खोलावे लागले नाही. वाचलेल्या पैशांत पोडांवरच्या फेऱ्या पावसाळाभर चालू राहिल्या.

प्रत्येक वेळी इतके स्वस्तात भागेलच असे नाही. वरचे सगळे तपासूनही एखादा सिलिंडर मारत नसेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. ते एकाच सिलिंडरमध्ये फार कमी भरले, तर व्हॉल्व्ह किंवा रिंग गेली आहे, आणि तेव्हा इंजिन खोलणे योग्यच.

सावधगिरी

गाडी चालू होत नाही म्हणून बाटलीने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतण्याची सवय अनेक चालकांना असते. फटाके फोडणाऱ्या गाडीत हे कधीही करू नये; आग थेट हातावर आणि चेहऱ्यावर येते. एअर फिल्टर काढून स्टार्टर मारू नका. ठिणगी तपासताना पेट्रोल दूर ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या. गाडीत रुग्ण असेल, तर आधी त्याला उतरवून बाजूला बसवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या संस्थेच्या गाडीची पॉइंटची फट शेवटची कधी मोजली? त्याची नोंद वहीत आहे का?
२. मोठ्या दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी "कशावरून?" हा प्रश्न कोण विचारतो?
३. पावसाळ्याआधी कॅप, वायरी, फिल्टर आणि रबरी पाइप तपासण्याची जबाबदारी कोणाकडे द्याल?