फोल्डरच्या नावात स्पेस असली की बिल्ड का फसते?

बिल्डसाठी वापरले जाणारे 'मेक' हे साधन 1976 साली बेल लॅब्जमध्ये तयार झाले. त्याच्या लेखी स्पेस म्हणजे दोन फाइल्समधली सीमा. म्हणून 'माय प्रोजेक्ट' फोल्डरमधली एकच फाइल त्याला दोन फाइल्स वाटते आणि बिल्ड थांबते. एरर मेसेजमध्ये 'माय'पाशी तुटलेला पाथ दिसला की निदान पक्के समजावे. शेलच्या कमांडमध्ये पाथभोवती अवतरणचिन्हे दिली की भागते. मेकच्या फाइल्सच्या यादीत मात्र ती नावातलीच अक्षरे ठरतात. खात्रीचा उपाय एकच: प्रोजेक्ट स्पेस नसलेल्या पाथवर हलवणे. विंडोजवर युजर फोल्डरच्याच नावात स्पेस असेल, तर 'डॉक्युमेंट्स' टाळून थेट सी ड्राइव्हवर. 'सीमेक' वापरात असल्यास हलवल्यावर जुनी कॅशे फाइल आठवणीने काढावी. तिच्यात आधीचा पूर्ण पाथ नोंदलेला असतो.