सायकलची चेन: तेल कोणते, किती आणि कसे?



मोटारसायकली घरोघरी आल्या, तरी सायकल आपल्या गावांतून गेलेली नाही. मुले तिच्यावरून शाळेला जातात, पदेर पाव घेऊन दारी येतो, आणि मळ्यावर खताची पिशवी न्यायला आजही तीच उपयोगी पडते. तिच्या सर्व भागांत लवकर झिजणारा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे चेन. (डिचोलीकडे साखळी म्हटले की गावच डोळ्यांपुढे येते, म्हणून आम्ही येथे चेन हाच शब्द वापरतो.)

झिजलेली चेन स्वतः तर जातेच, पण फ्रीव्हीलचे दातेही खाते. मग चढणीवर जोर दिला की ती दात्यांवरून उडते आणि पाय घसरून माणूस पडतो. म्हणून हा प्रश्न पैशाचा आहे, तसाच हातापायांचाही आहे.

चेन कोठे झिजते?

आजच्या पद्धतीची रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार केली. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनेवर एक बारीक नळी म्हणजे बुश, आणि बुशावर फिरणारा रोलर. खरे घर्षण होते ते पिन आणि बुश यांच्यामध्ये, म्हणजे आत, जेथे आपली नजर पोचत नाही. चेन 'लांबली' असे आपण म्हणतो, तेव्हा पत्र्या ताणलेल्या नसतात. प्रत्येक पिन थोडी थोडी झिजलेली असते.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानात येईल: तेलाची गरज चेनीच्या आत आहे, बाहेर नाही. बाहेर राहिलेले तेल धूळ धरून ठेवते. डिचोलीत २०१८ साली थांबलेल्या खाणकामाला २०२४ साली पुन्हा सुरुवात झाली, आणि खनिजाच्या रस्त्यांवरील लाल धूळ म्हणजे बहुतांशी लोखंडाचा ऑक्साइड. धातूला झिलई देण्यासाठी जी लाल पूड वापरतात, तीही लोखंडाच्या ऑक्साइडचीच असते. अशी धूळ तेलात मिसळली की पिना घासणारे उटणेच तयार होते. हरमल, मोरजी, केरीकडे धुळीच्या जोडीला खारा वारा असतो. तो कोरड्या चेनीवर लवकर गंज चढवतो.

तेल कोणते?

शिलाई यंत्राचे तेल पातळ असते. ते चटकन आत शिरते व धूळ कमी धरते. डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत ते चांगले, मात्र ते लवकर संपते; दर आठवड्याला घालावे.

मोटारसायकलचे नवे इंजिन तेल (२० डब्ल्यू-४०) जास्त टिकते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत हेच वापरावे. ९० नंबरचे गिअर तेलही चालते. दोन्ही तेलांच्या नंबरांची मोजपट्टी वेगळी आहे; ९० म्हणजे ४० च्या दुप्पट घट्ट, असे समजू नये.

ग्रीस बाहेरून लावल्यास आत शिरत नाही, नुसती माती गोळा करते. खोबरेल थंडीच्या पहाटे थिजते व पुढे खवट होऊन चिकटते. रॉकेल व डिझेल ही धुण्यासाठी आहेत, वंगणासाठी नव्हेत. गॅरेजमधले काळे, वापरलेले तेल फुकट मिळाले तरी घेऊ नये. त्यात धातूचे कण व आम्ल असते.

कसे घालावे?

१. सायकल स्टँडवर उभी करून चेनकव्हर काढावे.

२. डिझेलमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने चेन पुसावी. सांध्यांतील मळ जुन्या दातब्रशाने काढावा. मग कोरड्या फडक्याने पुसून तासभर सुकू द्यावी. डिझेल आत राहिले तर नवे तेल पातळ होते.

३. पेडल सावकाश मागे फिरवत, चेनीच्या खालच्या पदराच्या वरच्या बाजूवर, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकावा. साधारण ११० रोलर असतात. म्हणजे चहाचा एक चमचा तेल पुरते.

४. पेडल वीस-तीस वेळा मागे फिरवून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे तेल आत उतरते.

५. आता कोरड्या फडक्याने बाहेरचे सर्व तेल पुसून काढावे. पुष्कळ जण हे काम सोडून देतात, पण चेनीचे आयुष्य यावरच अवलंबून आहे.

पावसात भिजून आल्यावर चेन त्याच दिवशी पुसावी व तेल घालावे.

चेन कधी बदलावी?

एका पिनेच्या मध्यापासून पुढची पंचविसावी पीन मोजावी (पहिली धरून). नव्या चेनीत हे अंतर बरोबर १२ इंच असते. ते इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की चेन बदलावी. आठव्या भागाने वाढेपर्यंत थांबल्यास बहुधा फ्रीव्हीलही बदलावे लागते.

आरोग्याच्या दृष्टीने

चेन व दाते यांच्यामध्ये सापडून लहान मुलांची बोटे तुटतात. चेन पुसताना मुलांना पेडल फिरवू देऊ नये. स्वतः पुसताना पेडल मागेच फिरवावे व फडके खालच्या पदरावर, फ्रीव्हीलच्या थोडे पुढे धरावे. तेथे चेन दात्यांतून बाहेर पडत असते, आत ओढली जात नाही.

वापरलेले इंजिन तेल वारंवार कातडीला लागल्यास कर्करोगाचा धोका असतो. डिझेलने हात धुऊ नयेत, कातडी फुटते, साबण वापरावा. जवळ विडी किंवा चूल नसावी. उरलेले तेल विहिरीजवळ किंवा मळ्यात ओतू नये.

रॉकेल वा डिझेल सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलाने चुकून प्याल्यास उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरते. ताबडतोब १०८ ला फोन करावा किंवा इस्पितळात न्यावे.

लक्षात ठेवा: तेल थोडे घाला, आत जाऊ द्या, बाहेरचे पुसून टाका. आठवड्यातून पंधरा मिनिटे दिली तर एवढ्याने काम भागते.